सातव्या खाटेची किल्ली

तारीख ३, सोमवार

पोचलो एकदाच्या. दोन पिशव्या, एक ट्रंक आणि ॲम्ब्युलन्समध्ये धाकटी बहीण. ॲम्ब्युलन्सवाला रस्ताभर मान वळवून वळवून माझ्याशी गप्पा मारत होता. शेवटी सांगितलं, बाबा, तू पुढे बघ, तुझं तोंड माझ्याकडे नसलं तरी मला ऐकू येतं.

जागा झकास आहे. मला स्वयंपाकघरामागची खोली मिळाली. खिडकी उघडते, कडी लागते, नळाला पाणी आहे. आणखी काय हवं? धाकटीला सात नंबरची खाट मिळाली, उजेडातली. इथे कामाला असणाऱ्याच्या माणसाला खाट देतात, म्हणून तर मी ही नोकरी धरली. काम काय ते धड विचारलंही नाही. म्हटलं, भांडी घासायला लावा नाहीतर जिने पुसायला लावा, तिला श्वास द्या म्हणजे झालं.

आजाराने तिच्या छातीतली ताकद गेली. डोकं शाबूत, जीभ तर दुप्पट शाबूत, पण गळ्यात नळी, त्यामुळे आवाज नाही. ओठ हलवते, मी वाचते. दुसऱ्या कोणाला वाचता येत नाही, म्हणून ती सगळ्यांना तोंडावर वाट्टेल ते बोलते आणि मला हसू दाबत उभं राहावं लागतं. मोठ्या नर्सबाई उशी नीट करायला आल्या तर म्हणते, आधी ह्यांचं नाक आलं, मागून ह्या आल्या. नर्सबाईंनी विचारलं, काय म्हणतेय? मी म्हटलं, आभार मानतेय.

वही तिचीच. म्हणाली, ताई, चौथीत शाळा सोडलीस, रोज चार ओळी लिही, नाहीतर अक्षरं गंजतील. लिहिल्या. चाराच्या चौदा झाल्या.

तारीख ४, मंगळवार

आज काम कळलं. कॉम्प्युटरचा चष्मेवाला आला होता, तो गुरुवारी येतो एरवी, आज माझ्यासाठी मुद्दाम आला. पोरगेलासा दिसतो पण दोन मुलांचा बाप आहे.

बारा खाटा, बारा श्वासाची यंत्रं, पण त्यांना चालवणारा कॉम्प्युटर एकच. काचेपलीकडच्या गार खोलीत कपाटासारखा उभा. चष्मेवाला मला मेमरी, प्रोग्राम असलं सांगायला लागला. मी म्हटलं, साहेब, मला कळेल असं सांगा, नाहीतर लिहून द्या, मी दुसऱ्या कोणाला विचारीन. मग म्हणाला, मेमरी म्हणजे तुमचा ओटा समजा. सामान कोठीत कितीही असो, काम ओट्यावरच होतं. प्रत्येक खाटेचा एक प्रोग्राम त्या ओट्यावर बसलाय. तो आपल्या माणसाचा एकेक श्वास मांडून ठेवतो, झोपेत कसा, दचकल्यावर कसा, आणि त्यावरून पुढचा बेततो. जितके जुने श्वास जवळ, तितका नवा श्वास माणसाच्या मापाचा.

पण ओटा काही वाढत नाही. भरत आला की भिंतीवर पिवळा दिवा लागतो. मग सगळ्या प्रोग्रामांना निरोप द्यायचा, की बाबांनो, जुनं नको ते टाका, जागा करा. ज्याला निरोप पोचतो तो टाकतो. टाकल्यावर दोन मिनिटं त्याचा अंदाज चुकतो, माणूस जरा धापा टाकतो, मग बसतं सगळं.

पूर्वी हे निरोप आपोआप जायचे. एकदा नर्स एकाला कुशीवर वळवत असताना निरोप गेला आणि तो माणूस हातातच गेला. तेव्हापासून मध्ये माणूस ठेवलाय. भिंतीला पाटी, पाटीवर बारा किल्ल्या, प्रत्येकीखाली इवलासा हिरवा दिवा. आधी खाटेकडे बघायचं, कोणी अंग पुसत नाही ना, मग त्या खाटेची किल्ली फिरवायची. निरोप गेला. एवढंच काम! आमच्याकडे ह्याहून जास्त काम कुकरपाशी उभं राहायला असतं.

पुढे लाल दिव्याचं सांगायला लागला, तेवढ्यात धाकटीला नळीतून दूध द्यायची वेळ झाली. मी म्हटलं, लाल लागूच देणार नाही, मग तर झालं? हसला. म्हणाला, तुमच्यासारखी खमकी बाई असली तर खरंच लागायचा नाही.

तारीख ६, गुरुवार

पहिला पिवळा लागला. सकाळी दहाला. एकेक खाट बघून किल्ली फिरवत गेले. तीन नंबरला मास्तर आहेत, पंचाहत्तरीचे, एक हात चालतो, उशाशी पाटी-पेन्सिल. त्यांना निरोप गेला तशी मान मागे गेली, डोळे वर. मी काचेला नाक लावून उभी. दोन मिनिटांनी निवळले. मी जवळ गेले तर पाटीवर लिहिलं, सवय होते, घाबरू नये. खाली लिहिलं, तुमच्या वहीत श्वास शब्द चुकीचा लिहिता, व खाली येतो. माझी वही ह्यांनी कधी बघितली कोणास ठाऊक. दुरुस्त केला.

आठ नंबरला ट्रकवाला. चाळिशीचा, गडी दांडगा, मानेखाली काही हलत नाही. मी गेले की जिभेने टॉक टॉक करतो, बाजूला व्हा, गाडी येतेय. त्याची बायको पंधरा दिवसांनी येते, दोन मुली घेऊन.

मग सातची किल्ली. धाकटी माझ्याकडेच बघत होती. फिरवली.

हे लिहायला नको वाटतं. तोंड उघडं, आवाज नाही, ओठ जांभळे. आणि डोळे माझ्यावर. दोन मिनिटं. नंतर म्हणाली, ताई, कोणीतरी उशी काढून घेतल्यासारखं वाटतं, फक्त उशी आतली. मग थट्टेने म्हणाली, लहानपणी विहिरीत ढकललं होतंस तेव्हाही असंच बघत होतीस वरून.

ढकललं नव्हतं. पाय घसरला होता तिचा.

तारीख १०, सोमवार

पिवळा आठवड्यात पाच वेळा. पाचही वेळा माझ्याच हाताने. मोठ्या नर्सबाई म्हणतात, नवी खाट भरली की असं होतं, ओटा तेवढाच, बसणारी वाढली. म्हणजे आम्ही आलो म्हणून.

आज निरोपानंतर धाकटी रडली. ती रडते तेव्हा यंत्राचा ताल चुकतो, मग आणखी गुदमरते, म्हणून तिला रडताही येत नाही धड. मला म्हणाली, तू नको फिरवत जाऊस माझी, दुसऱ्या कोणाला तरी सांग. दुसरं कोण आहे इथे?

तारीख ११, मंगळवार

केलं. सातची किल्ली पाटीतून काढलीच. ओढली तर बुंध्यासकट बाहेर आली, खालचा हिरवा दिवा विझला. दुपारी पिवळा लागला तेव्हा अकरा खाटांना निरोप दिला. अकरांनी टाकलं, जागा झाली, दिवा विझला. धाकटी गाढ झोपली होती, गालावर रंग.

काय बिघडलं? अकराजणांनी सरकून घेतलं की बाराव्याला बसायला मिळतं. बाकड्यावर आपण हेच करतो.

तारीख १३, गुरुवार

चष्मेवाला येणार म्हणून किल्ली परत भोकात खोचून ठेवली. दिवा काही लागला नाही. म्हटलं, बल्ब गेलाय. म्हणाला, पुढच्या वेळी आणतो. मग आपल्या पडद्यावर बघून म्हणाला, सात नंबर जरा पसरलाय. नवी पेशंट आहे, अजून शिकत असेल. आणि चहा पिऊन गेला.

धाकटी मजेत आहे. म्हणते, ताई, आता यंत्र मला माझ्याआधी ओळखतं. हसू यायच्या आधीच हसण्यापुरता श्वास येऊन बसलेला असतो. मी म्हटलं, बरंय की, फुकटची मोलकरीण. ती हसली नाही. म्हणाली, मला हसायचं नसलं तरी येतो.

तारीख १७, सोमवार

आज नऊ वेळा पिवळा. किल्ल्या फिरवून मनगट दुखतंय. मी सुरू करते तेव्हाच सगळे माझ्याकडे बघायला लागतात. ट्रकवाला टॉक टॉक करत नाही आता. त्याला दर निरोपाला सात-आठ मिनिटं लागतात सावरायला. यंत्र त्याला शिकायच्या आत मी पुन्हा विसरायला लावते.

धाकटीने विचारलं, मला का नाही होत गं? मी म्हटलं, तुझं नशीब. तिची नजर किल्ल्यांच्या पाटीकडे गेली. ती शिकलेली आहे, मी नाही.

तारीख १९, बुधवार

मास्तर गेले.

सकाळपासूनचा सहावा निरोप होता. मी नीट बघितलं होतं. कोणी अंग पुसत नव्हतं, कोणी वळवत नव्हतं. फिरवली. मान मागे गेली ती आलीच नाही. नर्सबाईंनी छाती दाबली, हाताने श्वास द्यायचा फुगा लावला. नाही. पाटीवर काहीतरी लिहायला घेतलं होतं, नुसती एक रेघ ओढली गेली.

नर्सबाई म्हणाल्या, तुमची चूक नाही, थकलेलं हृदय होतं. माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात झटकावासा वाटला.

धाकटीला कळलं. माझं तोंड बघूनच कळलं. तिचे ओठ भराभर हलत होते. किल्ली, किल्ली, एवढं वाचलं आणि मी मान फिरवली. खिडकीबाहेर बघत उभी राहिले. तिला गप्प करायला एवढंच लागतं, तिच्याकडे बघायचं नाही.

मागे यंत्र मात्र शांत चाललेलं. ती संतापली होती तर संतापायला पुरेल एवढा श्वास देत होतं.

तारीख २०, गुरुवार

मास्तरांची जागा मोकळी झाली, आता दोन दिवस तरी पिवळा लागणार नाही असं वाटलं. दुपारपर्यंत लागला. नर्सबाईंनी पडद्यावर बघितलं. म्हणाल्या, हे काय, तीनची सगळी जागा सातने घेतली की.

चष्मेवाला आज आला नाही, परगावी आहे. फोन लावून दिला. मी आडून विचारलं, एखादी किल्ली निघाली तर परत बसवता येते का? म्हणाला, नुसती खोचून काही होत नाही. खाट सुरू होते तेव्हाच तिचं नाव निरोपाच्या यादीत लागतं. एकदा गळलं की खाट बंद करून पुन्हा सुरू करायची. दहा मिनिटं हाताने फुगा दाबायचा तोवर.

मग लाल दिव्याचं विचारलं. हे त्या दिवशी ऐकायला हवं होतं. म्हणाला, मागूनही कोणी जागा दिली नाही की लाल लागतो. मग कॉम्प्युटर स्वतः उठतो आणि एकाला बाहेर काढतो. मी विचारलं, कोणाला? म्हणाला, सोपं आहे, जो सगळ्यात जास्त पसरलाय त्याला. म्हणून तर निरोप देतो बाई. निरोप ही शिक्षा नाही. ज्याला वेळेवर आवरतं घ्यायला सांगितलं तो वाचतो. ज्याला कोणी सांगतच नाही, तोच जातो.

सांगणार होते. जिभेवर आलं होतं. पण नर्सबाई शेजारी उभ्या. सांगितलं तर मास्तरांचं निघणार. मला हाकलणार, माझ्या मागून तिची खाट. मग तिला श्वास कुठे शोधू?

म्हटलं, बरं साहेब. फोन ठेवला.

तारीख २१, शुक्रवार

नर्सबाई जेवायला गेल्या की आपणच बंद करू आणि सुरू करू असं ठरवलं. दहाच मिनिटं. धाकटीही हो म्हणाली. फुगा हातात घेतला. बटणावर बोट ठेवलं.

दाबवेना. आणि नर्सबाई परत आल्या.

धाकटी म्हणते, यंत्र आता आजचा श्वास देत नाही. पहिल्या दिवशीचा देतं. ॲम्ब्युलन्समधून उतरले तेव्हा घाबरले होते ना, तोच, अगदी तोच. मध्येच दचकवतं, मग तिला दचकायला होतं. सगळं साठवून बसलंय, काही म्हणता काही टाकलेलं नाही.

मला म्हणाली, ताई, ह्यात मी कुठली ते मलाच कळेना.

आज किल्ल्या फिरवून दिवा विझत नाही. मंद होतो फक्त. बाकीच्यांकडे टाकायला उरलंच काय आहे?

तारीख २२, शनिवार, सकाळ

साडेआठ. लाल.

किल्ल्या फिरवल्या, सगळ्या, दोनदोनदा. कोणाकडे काही नाही.

सातचं यंत्र थांबलं. एकदम. जसा पंखा थांबतो.

फुगा लावला. नर्सबाईंनी खाट परत सुरू केली. सुरू झाली. मला वाटलं, सुटलो. पण उठल्या उठल्या कोठीतलं सगळं जुनं ओट्यावर आणायला लागली, पहिल्या दिवसापासूनचं, सगळं. किल्ली फिरवायच्या आत फुगली. लाल. गेली.

पुन्हा. तेच.

नर्सबाईंना सगळं सांगितलं. किल्ली, मास्तर, सगळं. फोनकडे पळाल्या. चष्मेवाला म्हणाला, तिचं जुनं कोठीतून पुसल्याशिवाय नाही उभी राहणार, ते कुलूप माझ्याकडेच, निघालोय. पाच तास. ओटा मोकळा असता तर आहे तशी उभी राहिली असती, म्हणाला. पूर्ण एका खाटेएवढा मोकळा.

तारीख २२, दुपार

पावणेबारा. फुगा डाव्या हाताने. उजव्याने हे. लिहिलं नाही तर किंचाळेन.

नर्सबाई टोकाला, दोन नंबर आणि पाच नंबरपाशी. तेही धापा टाकतायत. त्यांना माझ्याकडे यायला वेळ नाही. मला हाक मारायला तोंड नाही.

फुगा पुरत नाही तिला. तिला तिच्या मापाचा श्वास लागलाय. माझा नाही चालत. लवकर दाबला तर अडतो, उशिरा दाबला तर – ओठ जांभळे – मी दाबतेय गं, दाबतेय –

बारा

हात वळत नाहीये. बोटं लाकूड झालीत. पुन्हा सुरू करून बघितली. फुगली, लाल, गेली. तिसऱ्यांदा.

तिने ओठ हलवले. मी बघितलं ह्या वेळी. पुरे, म्हणाली. ताई, पुरे.

पुरे काय? तू कोण सांगणारी?

साडेबारा

डोळे मिटलेत. नाडी आहे. बारीक आहे. अजून तास, तास तरी, चष्मेवाला नाही –

एका खाटेएवढी जागा.

आठ नंबर, ट्रकवाला, हाताच्या अंतरावर. त्याची खाट बंद करायचं बटण माझ्या बाजूलाच आहे. लाल, रुपयाएवढं. त्याच्याकडे नुसतं बघितलं तर त्याने डोळे उघडले. कसं कळलं? काही बोलले नाही मी. कोणी निरोप दिला नाही त्याला.

त्याची बायको उद्या येणार, मुली घेऊन –

नर्सबाईंची पाठ इकडे आहे.

बघू नको रे माझ्याकडे. तिकडे बघ. तिकडे –

डावा हात फुग्यावर. तो सोडता येत नाही. उजवा मोकळा करायचा तर वही खाली ठे